पेट्रोलवर चालणारा पॉवर विडर: पहिल्या दिवसाची जोडणी, वाफसा आणि सुरक्षित वापर

धुऱ्यावरून (परभणी)

नमस्कार मंडळी.

आमच्या गावात बैलजोड्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत, आणि आषाढात सगळ्यांची खुरपणी एकाच आठवड्यात निघत असल्यामुळे मजूर मिळणेही अवघड झाले आहे. त्यामुळे पेट्रोलवर चालणारे पॉवर विडर, म्हणजे फिरत्या पात्यांनी तण काढणारे यंत्र, घरोघरी येऊ लागले आहेत. यंत्र टेम्पोतून उतरते, विक्रेता दहा मिनिटांत दोरी ओढून ते सुरू करून दाखवतो आणि दुसऱ्याच दिवशी घरातला एखादा तरुण मुलगा ते घेऊन सोयाबीनमध्ये उतरतो. माहितीपुस्तिका मात्र खोक्यातच राहते. मी दोन हंगाम हे यंत्र चालवले आहे आणि पहिल्याच हंगामात माझ्या धाकट्या भावाचा हात थोडक्यात वाचला आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिली गोष्ट तेलाची. नव्या यंत्राच्या इंजिनात बहुधा तेल भरलेले नसते. सुमारे २०० सीसीच्या चार-स्ट्रोक इंजिनाला साधारण ०.६ लिटर तेल लागते आणि बहुतेक पुस्तिकांमध्ये १०डब्ल्यू-३० हे तेल सांगितलेले असते. गिअरबॉक्सचे तेल निराळे असते. दुकानात ते नव्वद नंबर म्हणून मिळते. आमच्या विक्रेत्याने यातले काहीच सांगितले नव्हते. तेल कमी असताना इंजिन सुरू होऊ न देणारा सेन्सर यंत्रात होता, म्हणून ते सुरूच झाले नाही आणि आम्ही अर्धा दिवस स्पार्क प्लग काढून-लावून पाहत बसलो. तो सेन्सर नसता तर पहिल्याच तासाभरात पिस्टन जाम झाला असता. तेल मोजताना यंत्र सपाट जागेवर उभे करावे, कारण पुढे किंवा मागे झुकलेल्या इंजिनात कांडीवरची खूण खोटी दिसते.

दुसरी गोष्ट पात्यांची. पाती एल अक्षरासारखी वाकलेली असतात आणि डावी व उजवी अशी वेगवेगळी असतात. यंत्र पुढे जात असताना पात्याची धार आधी मातीत शिरली पाहिजे. दोन्ही बाजूंच्या पात्यांची अदलाबदल झाली तर पात्याची बोथट पाठ जमिनीवर आपटते, यंत्र उड्या मारते आणि चालवणाऱ्याला वाटते की जमीनच कडक आहे. बोल्ट आणि आसातील खिळ घट्ट बसवल्यावरही पहिल्या अर्ध्या तासानंतर इंजिन बंद करून ते पुन्हा तपासावेत, कारण नव्या यंत्रात ते हमखास सैल पडतात.

मागे मातीत रोवून चालणाऱ्या दांडीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. तीच दांडी यंत्राला लगाम घालते. ती खाली असली की यंत्र सावकाश आणि खोल चालते. फार वर घेतली की पाती चाकासारखी पळू लागतात आणि माणसाला ओढत नेतात. सोयाबीनच्या कोळपणीला तीन-चार सेंटिमीटर खोली पुरेशी असते, त्याहून खोल गेल्यास पिकाची मुळे तुटतात. मुठी साधारण कमरेच्या उंचीवर आल्या पाहिजेत, म्हणजे खांदे उचलून किंवा पाठ वाकवून चालावे लागत नाही.

आता भावाची हकिगत. पात्यांत गवत गुंतले म्हणून मी क्लच सोडला, पाती थांबली, इंजिन मात्र सुरूच ठेवले. भाऊ वाकला आणि त्याने गवत ओढायला हात घातला, तेवढ्यात पात्यांनी अर्धा फेरा घेतला. त्याची बाही फाटली आणि मनगटावर ओरखडा उठला, एवढ्यावरच निभावले. नंतर पाहिले तर क्लचची केबल इतकी ताणून बसवली होती की तरफ सोडूनही पट्टा पुलीवरून पुरता सैल होत नव्हता. तरफ सोडलेली असताना केबलला किंचित ढील असलीच पाहिजे. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम आहे की इंजिन बंद केल्याशिवाय आणि स्पार्क प्लगची टोपी काढल्याशिवाय पात्यांजवळ कोणाचाही हात जाणार नाही.

आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

वसमतची हळद

दादा, धागा वेळेवर काढला आहे. आपल्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु शेवटच्या नियमाबद्दल एक व्यवहाराची अडचण मांडतो. आमच्याकडे हळदीत पावसाळ्यात गवत एवढे माजते की दर पन्नास-साठ पावलांवर पाती भरतात. प्रत्येक वेळी इंजिन बंद करायचे, टोपी काढायची, साफ करायचे, टोपी बसवायची आणि गरम इंजिनाची दोरी पुन्हा ओढायची म्हटले तर एकराला दीड दिवस लागेल. रोजंदारीने यंत्र चालवणारा मुलगा हे करणार नाही. क्लच सोडून लाकडाने गवत काढले तर चालणार नाही का?

धुऱ्यावरून (परभणी)

भाऊ, अडचण खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. मात्र दर पन्नास पावलांवर पाती भरत असतील तर त्याचा अर्थ एवढाच की त्या दिवशी त्या रानात यंत्र उतरवायला नको होते. एक तर वाफसा (मातीत मशागतीला योग्य इतकीच ओल) नाही किंवा गवत यंत्राच्या मापाबाहेर गेले आहे.

आपल्या गोदाकाठच्या खोल काळ्या जमिनीचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहेच. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आक्रसून भेगाळते. पाऊस उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी यंत्र घातले तर माती पात्यांना लाडवासारखी चिकटते, त्या लाडवावर गवत गुंडाळले जाते आणि पाती फिरायची थांबतात. उलट फार वाळू दिले तर डिखळे उचकतात आणि यंत्र हातातून निसटू पाहते. चार बोटे खोल माती मुठीत दाबावी आणि तो गोळा कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा. तो फुटून मोकळा झाला तर वाफसा आला. चपटा होऊन तसाच पडून राहिला तर थांबावे. वडिलांनी हे औतासाठी शिकवले होते आणि यंत्रालाही तेच लागू पडते.

गवत गुडघ्याएवढे झाले असेल तर आधी विळ्याने कापून बाहेर काढावे आणि मग विडर घालावा. यंत्र कोवळ्या, चार बोटे उंचीच्या तणासाठी आहे. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी पहिली फेरी घातली तर आम्हाला एकरात दोन-तीन वेळाच पाती साफ करावी लागतात आणि तेवढ्या वेळा इंजिन बंद करणे मुळीच जड जात नाही.

लाकडाने साफ करण्याबद्दल सांगायचे तर, इंजिन सुरू असताना लाकूड घालणेही मी टाळतो. पात्याने लाकूड पकडले की ते धरणाऱ्याच्या हातासकट आत जाते, आणि हात सोडावा हे कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

इंजिन मिस्त्री (नांदेड)

मी छोट्या इंजिनांची दुरुस्ती करतो, त्यामुळे माझ्याकडे बिघडलेली यंत्रे येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या कहाण्याही येतात. आधी पेट्रोलविषयी लिहितो.

आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल तसेच ठेवून यंत्र सहा महिने आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) उभे केले तर कार्बुरेटरच्या वाटीत पाणी आणि चिकट थर साचतो, जेट बुजतो, आणि जूनमध्ये शेतकरी दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेतो. महिनाभराहून अधिक काळ यंत्र वापरायचे नसेल तर टाकी रिकामी करावी, पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. तसे केले म्हणजे वाटीतले उरलेले पेट्रोलही जळून जाते.

गरम इंजिनात पेट्रोल भरू नये. सायलेन्सरवर सांडलेल्या थेंबाचा भडका व्हायला क्षणही पुरत नाही, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते. दहा फुटांवर बिडी ओढणाऱ्यापर्यंत ती पोचते. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. यंत्र पऱ्हाटीच्या किंवा भुसकटाच्या ढिगाजवळ न ठेवता उघड्या मातीवर न्यावे. टाकी काठोकाठ भरू नये, कारण उन्हात पेट्रोल फुगते आणि झाकणातून पाझरते. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी, त्यासाठी घट्ट झाकणाचा धातूचा डबा ठेवावा. आखाड्यावर घोटभर पाणी समजून लहान मूल ती बाटली तोंडाला लावू शकते, हेही ध्यानात असू द्यावे.

दोन-स्ट्रोक आणि चार-स्ट्रोक यांचा घोटाळा फार होतो. चार-स्ट्रोकमध्ये तेल वेगळे असते आणि टाकीत नुसते पेट्रोल जाते. दोन-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच टू-टी तेल मिसळावे लागते आणि त्याचे प्रमाण पुस्तिकेत दिलेले असते. ज्या घरात विडर चार-स्ट्रोक आणि गवत कापायचे यंत्र दोन-स्ट्रोक आहे, तेथे डबे वेगळ्या रंगाचे ठेवावेत. खुद्द माझ्या मेहुण्याने साध्या पेट्रोलवर दोन-स्ट्रोक यंत्र चालवले आणि एका दुपारी सिलिंडर खरवडून टाकला.

नव्या इंजिनाचे तेल पहिल्या २० तासांनी बदलावे आणि पुढे दर १०० तासांनी. पहिल्या तेलात धातूचा बारीक चुरा असतो. मराठवाड्यातल्या मे-जूनच्या धुळीत एअर फिल्टर मात्र पुस्तिकेतल्या तासांची वाट न पाहता रोज संध्याकाळी उघडून पाहावा. स्पार्क प्लगची फट बहुतेक इंजिनांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते.

आणखी एक. बंद खोलीत किंवा शेडची दारे लावून इंजिन तपासू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. माणसाला नुसती गुंगी येते आणि तो तेथेच बसून राहतो.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातला आहे. आमची जमीन काळी नाही; हातभर मातीखाली मुरूम आणि मातीत दगडगोटे. येथे चिकट मातीचा त्रास कमी, पण पात्याने उडवलेला दगड गोळीसारखा येतो. पात्यांवरचे मागचे झाकण आणि रबराची झडप जड वाटते म्हणून लोक काढून ठेवतात. ते कधीही काढू नये. चालवणाऱ्याने चष्मा घालावा, आणि लेकरे व जनावरे यंत्रापासून लांबच ठेवावीत.

मला मुख्यतः रिव्हर्सबद्दल लिहायचे आहे, कारण माझा अपघात तेथेच झाला. धुऱ्याशी पोचल्यावर वळायला जागा कमी होती म्हणून मी पाती फिरत असतानाच रिव्हर्स टाकला आणि मागे पाऊल घेतले. टाच बांधाला अडकली, मी पाठीवर पडलो. पडताना मूठ सुटण्याऐवजी हाताने ती अधिकच आवळली, आणि यंत्र माझ्या पायावर चढले. गमबूट होता म्हणून पोटरीला ११ टाक्यांवर भागले. डॉक्टर म्हणाले की चप्पल असती तर घोटा राहिला नसता.

त्या दिवसानंतर मी बैलाच्या औताचा पुष्कळ विचार केला. माणूस पडला की बैल थबकतो. यंत्राला तशी जाणीव नाही, म्हणून माणसाने पडण्याची शक्यताच आधी कमी करायची असते. आता मी तासाच्या दोन्ही टोकांना सहा-सात फूट मोकळी जागा ठेवतो, वळताना गती अगदी कमी करतो आणि होता होईल तो पुढे जातच अर्धवर्तुळ घेऊन वळतो. रिव्हर्स घ्यावाच लागला तर आधी पाती थांबवतो, मागे वळून बघतो आणि मगच पाऊल टाकतो. झाड, भिंत किंवा विहिरीचा कठडा पाठीशी असताना रिव्हर्स घेतच नाही.

तरफ सोडली की पाती थांबली पाहिजेत, ही सोय माणूस पडण्याच्या क्षणासाठीच दिलेली आहे. काही जण हाताला त्रास नको म्हणून ती तरफ सुतळीने बांधून टाकतात. ते माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी थांबून मी ती सुतळी कापायला लावली आहे.

वसमतची हळद

बालाघाट भाऊ, वाचून अंगावर काटा आला. आपण बरे झालात, हे वाचून समाधान वाटले.

दादांचे वाफशाचे म्हणणे मला पटले. गेल्या वर्षी आम्ही गवत हाताबाहेर गेल्यावरच यंत्र काढले होते, हे मान्य करतो. आता माझ्याकडून ठिबकबद्दल थोडे. हळदीत आणि ठिबकवरच्या कापसात लॅटरलची (ओळीतून पाणी नेणारी) नळी पात्यांत गुंतते आणि ती गवताहून घातक असते. गवत तुटते, नळी मात्र ताणली जाऊन आसावर घट्ट गुंडाळली जाते. इंजिन बंद केल्यावरही त्या ताणामुळे पाती उलटी झटका देऊ शकतात. म्हणून टोपी काढल्यावर प्रथम नळी दोन्ही बाजूंनी कात्रीने कापावी, ताण निघून जाऊ द्यावा आणि मग जाड हातमोजे घालून सोडवावी. नळीपेक्षा बोटे महाग आहेत. शक्यतो कोळपणीच्या आदल्या दिवशी लॅटरल उचलून पिकाच्या बुंध्याशी सरकवाव्यात किंवा गुंडाळून धुऱ्यावर ठेवाव्यात.

श्रावणसरी

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. शेतीच्या यंत्रांनी झालेल्या जखमा खरिपात वारंवार येतात, म्हणून अपघातानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाविषयी लिहिते.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने जोरात, न सोडता दाबून धरावी आणि शक्य असल्यास तो अवयव वर उचलून ठेवावा. कापड भिजले तर ते न काढता त्यावरच दुसरे ठेवावे. आपल्याकडे घरोघरी हळद असते आणि ती जखमेत भरण्याची पद्धत आहे. चुना, चहापूड, मातीही भरतात. कृपया काहीही भरू नये. ते सगळे आम्हाला नंतर घासून काढावे लागते आणि टाके घालायला उशीर होतो. जखमेत काही खोल रुतले असेल तर ते उपसू नये.

बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते शोधून आणावे. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, पिशवीचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि मातीत झालेली जखम लहान असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

बायांसाठीही सांगते, कारण आता अनेक घरांत त्याही यंत्र चालवतात. साडीचा पदर, ओढणी, गळ्यातली दस्ती आणि सैल बांगड्या यंत्राजवळ नकोत. पायघोळ कपड्यांऐवजी पँट आणि वरून शर्ट घालावा, केस बांधून डोक्याला घट्ट रुमाल बांधावा. पुरुषांनीही गळ्यातला गमछा काढून ठेवावा.

नवा शेतकरी (लातूर)

सर्वांचे आभार. मी महाडीबीटीवर (राज्य शासनाच्या अनुदानाच्या संकेतस्थळावर) अर्ज केला आहे आणि पूर्वसंमती आल्यावर यंत्र घेणार आहे. दोन शंका आहेत. पहिली, सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर पेरले आहे, त्यात मोठा विडर चालेल का? दुसरी, माझे वडील ६३ वर्षांचे आहेत आणि यंत्र तेच चालवणार असे म्हणतात. त्यांना कसे समजवावे?

धुऱ्यावरून (परभणी)

भाऊ, ४५ सेंटिमीटरच्या ओळीत पात्यांची रुंदी ३० सेंटिमीटरच्या आतच ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंना सात-आठ सेंटिमीटर मोकळे राहतात. बाहेरची पाती काढून रुंदी कमी करता येते. बाहेरच्या बाजूची गोल तबकडी मात्र परत लावावी, कारण तीच पिकाला पात्यांपासून दूर ठेवते. मोठे, सात अश्वशक्तीचे यंत्र एवढ्या अरुंद ओळीत सांभाळणे जड जाते. आपल्याकडे फक्त सोयाबीन असेल तर हलके यंत्र बघावे, आणि कापूस, तूर किंवा ऊसही असेल तर मोठ्याचा विचार करावा. अनुदानासाठी आधी पूर्वसंमती, मग खरेदी आणि मग बिल हा क्रम चुकवू नये. घेण्यापूर्वी त्या मॉडेलचा तपासणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा.

वडिलांना अडवू नका, असे माझे मत आहे. त्यांना मातीचे जे कळते ते आपल्याला अजून कळायचे आहे. पहिल्या दिवशी मोकळ्या रानात, पिकाबाहेर, आधी पाती न फिरवता आणि मग कमी गतीवर त्यांना तासभर चालवू द्यावे. दोरी ओढताना प्रथम अडकेपर्यंत सावकाश आणि मग एका झटक्यात ओढायची, पण परत जाताना सोडून द्यायची नाही, हे करून दाखवावे. सलग अर्ध्या तासाच्या वर चालवू देऊ नये. कंपनाने हाताला मुंग्या येतात आणि पकड सैल होते, हे वय कितीही असले तरी होते. कानात बोळे घालावेत. उन्हाच्या आधी, सकाळी काम उरकावे, आणि यंत्र चालू असताना हाकेच्या अंतरावर घरातले एक माणूस असावे.

नवा शेतकरी (लातूर)

वाफसा कधी आला हे वडीलच ठरवतील आणि पाती मी साफ करीन, असे आमचे काल रात्री ठरले. प्लग खोलायचा पाना कुठे ठेवता?

धुऱ्यावरून (परभणी)

मुठीलाच, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधून ठेवतो. टोपी हातानेच निघते, पण प्लग काळा पडला की पाना लागतो, आणि तो घरी राहिला तर माणूस चालू इंजिनावरच काहीतरी करून बघायला जातो.